शेतरस्त्यावरील पिकअप गाडी उंच करण्यापूर्वी

पावसाळ्यात काळ्या जमिनीतील गाडीवाटेला खोल चाकोऱ्या पडतात आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटास घासू लागतो. अशा वेळी पिकअप गाडीचे पाटे उंच करून घेण्याचा सल्ला दिला जातो. तो मानण्यापूर्वी गाडी नेमकी कोठे टेकते, हे खाली वाकून पाहावे.

अशा गाडीत जमिनीस सर्वांत जवळ असतो तो बहुधा मागील आसाच्या मध्यावरील डिफरेन्शियलचा गोल डबा. पाटे उंच केल्याने चौकट व हौदा वर जातात. आस मात्र चाकांवर बसलेला असल्याने तसूभरही हलत नाही. त्यास वर नेतो तो टायर, आणि टायरचा व्यास २ इंच वाढला तर आस १ इंचच उचलला जातो. डबा घासत असेल तर पाट्यांवरील खर्च व्यर्थ होय. चौकट टेकत असेल तरच पाट्यांचा विचार करावा.

त्यातही प्रथम जुने पाटे बसले आहेत काय, हे पाहावे. रिकामी गाडी सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे व त्याच नमुन्याच्या नव्या गाडीशी ताडून पाहावे. पुष्कळदा हरवलेली उंची मूळ मापाचे नवे पाटे घालताच परत मिळते, आणि हाच उपाय सर्वांत निर्धोक आहे.

जादा पाटा घातल्यास उंची मिळते, परंतु रिकामी गाडी फार उसळते. शॅकल २ इंच लांब केल्यास चौकट सुमारे १ इंच उचलली जाते. आस व पाटे यांमध्ये ठोकळा घालणे स्वस्त खरे. तथापि तो पुढील आसावर कदापि घालू नये, व मागेही एकावर एक ठोकळे रचू नयेत.

उंचीबरोबर प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढून त्याचे क्रॉस लवकर झिजतात. ब्रेकची रबरी नळी ताणली जात नाही ना, हे तपासावे. काही पिकअप गाड्यांत मागील ब्रेकचा दाब भारानुसार राखणारी झडप असते. चौकट उचलली गेली की ही झडप गाडी रिकामी समजते व भरल्या गाडीचे मागील ब्रेक दुबळे पडतात. कारागिरांकडून ही गोष्ट नेहमी राहून जाते.

कलंडण्याचा धोका तर आहेच. दोन चाकांतील आडवे अंतर १४० सें.मी. व भरल्या गाडीचा गुरुत्वमध्य १०० सें.मी. उंचीवर असल्यास ती हिशेबाने ३५ अंशांच्या आडव्या उतारावर कलंडते. गुरुत्वमध्य १० सें.मी. वर गेल्यास सुमारे ३२ अंशांवर. पाटे एका बाजूस दबत असल्याने प्रत्यक्षात ती त्याआधीच उलटते. अशा गाडीच्या हौद्यात मजूर बसवू नयेत.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निर्णय दिला. तेव्हा मूळ मापाबाहेर जावयाचे असल्यास प्रथम परिवहन कार्यालयात विचारणा करावी. काम झाल्यावर यू-बोल्ट काही दिवसांच्या वापरानंतर पुन्हा आवळून घ्यावेत.