पेटंटाचें उत्पन्न : खुदकास्त, खंड आणि खरेदीखत

पेटंट काढलें म्हणजे पैसा आपोआप येऊं लागतो, असा एक समज आपल्या भागांतील अवजारें करणाऱ्या मंडळींत आढळतो. आणि पेटंट हें मोठ्या कंपन्यांचें काम, शेतकऱ्याचा त्याशीं संबंध काय, असा दुसरा समज शेतकरीवर्गांत आढळतो. दोन्ही समज सारखेच नुकसानकारक आहेत. आमची सारी उमेद महसूल खात्याच्या दप्तरांत गेलेली असल्यामुळें आम्ही हा विषय जमिनीच्या भाषेंत सांगणार. वाचकांसही तीच भाषा जवळची आहे.

पेटंट ही नव्या युक्तीबद्दल सरकारनें दिलेली मुदतीची सनद होय. मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षें. सनदेच्या धन्याच्या परवानगीवांचून ती वस्तु दुसऱ्या कोणास करतां अगर विकतां येत नाहीं. परंतु सनद म्हणजे उत्पन्न नव्हे. सातबाऱ्यावर नांव लागलें म्हणून कणगी भरत नाहीं. जमीन स्वतः कसावी लागते, खंडानें द्यावी लागते, विकावी लागते, किंवा गहाण टाकून त्या पैशांवर दुसरा उद्योग करावा लागतो. पेटंटाच्या धन्यापुढेंही हेच मार्ग असतात. सारा मात्र पीक येवो न येवो भरावाच लागतो : तिसऱ्या वर्षापासून पुढें दर वर्षाची फी आहे; ती चुकली कीं सनद बुडते, आणि ती पुन्हां जिवंत करून घेण्यास अठरा महिन्यांच्या आंत अर्ज करावा लागतो.

ह्यांत खंडाचा मार्ग नीट समजून घेण्यासारखा आहे. एक शेत एका वेळीं एकाच कुळास देतां येतें. पेटंट एकाच वेळीं पन्नास कुळांस देतां येतें, आणि पन्नासांनीं कसलें तरी त्याचा कस उतरत नाहीं.

ह्याचा ठळक दाखला आपल्याच महाराष्ट्रांतला, जालन्याचा आहे. आपला पाटस-दौंडचा भाग ऊस-कांद्याचा, कापसाशीं आपला व्यवहार थोडा. तथापि हा दाखला सोडतां येत नाहीं. १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले यांनीं महिको ही बियाण्यांची कंपनी स्थापिली. पुढें तिनें अमेरिकेंतील मोन्सँटो कंपनीशीं भागीदारी केली, आणि बोंडअळीस मारक असा गुण घातलेल्या कापसाच्या बियाण्यास २००२ सालीं सरकारी परवानगी मिळाली. भागीदारीच्या कंपनीनें हा गुण घरांत कोंडून ठेवला नाहीं. देशांतील चाळीसांहून अधिक बियाणें कंपन्यांस तो करारानें दिला. नुझिविडू कंपनीशीं २००४ सालीं झालेल्या करारांत मुदत दहा वर्षांची होती. आरंभीं ५० लाख रुपये एकदांच द्यावयाचे, व शिवाय विकलेल्या दर पाकिटामागें वेगळी रक्कम. पहिला तो नजराणा, दुसरा तो खंड. बियाणें पिकविणें, दुकानोदुकानीं पोंचविणें, उधारी वसूल करणें हा सारा व्याप कुळांचा. धन्यास पाकिटें मोजण्याचें काम.

हा खंड अखेरीस शेतकऱ्याच्याच खिशांतून जात होता. आरंभीं ४५० ग्रॅमच्या पाकिटामागें तो सुमारें १,२५० रुपये होता. आंध्र प्रदेश सरकारनें ह्याविरुद्ध तक्रार नेली, आणि २००६ सालीं तेथें पाकिटाची सबंध किंमतच ७५० रुपयांवर आली. पुढें केंद्र सरकारनें दर ठरविण्याचें काम आपल्याकडे घेतलें. दुसऱ्या पिढीच्या बियाण्याचा दर २०१६ सालीं पाकिटास ८०० रुपये ठरला, त्यांत खंड ४९ रुपये. तोच खंड २०१८ सालीं ३९, २०१९ सालीं २० आणि २०२० सालीं शून्य झाला. पेटंटाचा अर्ज नोव्हेंबर १९९९ मधील होता. अर्थात् वीस वर्षें नोव्हेंबर २०१९ मध्यें भरलीं. मध्यंतरीं नुझिविडूबरोबर वाद होऊन एप्रिल २०१८ मध्यें दिल्ली उच्च न्यायालयानें हें पेटंट रद्द ठरविलें, जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो निकाल फिरविला, आणि २०२१ सालीं उभय पक्षांत तडजोड झाली.

मौज अशी कीं, खंड वीसाचा शून्य झाला तरी २०२० सालीं पाकिटाचा दर पूर्वीच्या सालाप्रमाणें ७३० रुपयेच राहिला. धन्याचा हक्क सरला. सवलत मात्र बांधापर्यंत आली नाहीं. आणखी एक गोष्ट : पहिल्या पिढीच्या गुणास भारतांत पेटंट मुळीं नव्हतेंच, तरीही त्याचा खंड वसूल झाला, कारण करार केल्यावांचून तें बीज हातीं येत नव्हतें. म्हणून आपण पैसे सनदेबद्दल देतों कीं नुसत्या वस्तूबद्दल, हें करारांत आधीं वाचावें. सनदेची मुदत सरल्यावर खंड देणाऱ्यास तीन महिन्यांची नोटीस देऊन करार संपवितां येतो, हें कायद्यांत स्पष्ट आहे.

जमीन पडीक ठेवणाऱ्या धन्यास जसा धाक असावा तसा तो पेटंटाच्या धन्यासही आहे. सनद मिळून तीन वर्षें झालीं आणि वस्तु लोकांस वाजवी किमतींत मिळत नसली, तर दुसऱ्यास सक्तीचा परवाना मागतां येतो. मार्च २०१२ मध्यें मुंबईच्या पेटंट अधिकाऱ्यांनीं बायर कंपनीच्या कर्करोगावरील औषधाबाबत नॅटको कंपनीस असा परवाना दिला. महिन्याचा खर्च २,८०,४२८ रुपयांवरून ८,८०० रुपयांवर आला, व बायरला विक्रीवर शेंकडा ६ खंड ठरला. तो पुढें ७ करण्यांत आला.

आतां आपल्या कारागिरांविषयीं. ऊसाची सरी, कांद्याची लागण, पाचटाची कुट्टी ह्यांसाठीं नवें अवजार कोणी बसविलें, तर तो तें आधीं प्रदर्शनांत मांडतो, चार शेजाऱ्यांस विकतो, आणि मग पेटंटाची चौकशी करतो. तोंवर युक्ती उघडी पडलेली असते आणि नवेपणाचा हक्क बहुधा गेलेला असतो. अर्ज आधीं, बाजार मागून. सर्व तपशील तयार नसल्यास तात्पुरता अर्ज करून ठेवावा. पुरा अर्ज देण्यास त्यापुढें बारा महिने मिळतात. एकट्या व्यक्तीस संगणकावरून अर्ज करण्याची फी १,६०० रुपये व तपासणीची ४,००० रुपये आहे. जाणकाराकडून मसुदा करविण्याचा खर्च ह्याहून बराच अधिक येतो, तो आधीं विचारून घ्यावा.

पेटंट हातीं आल्यावर एकरकमी विकून टाकण्याचा मोह होतो. ज्यास आज देणें भागवावयाचें आहे त्यास आम्ही दोष देणार नाहीं. पण ज्याचें अवजार खपण्याजोगें आहे त्यानें नगामागें खंड ठरवावा, माल खपो न खपो वर्षाचा एक किमान खंड लिहून घ्यावा, आणि कारखान्याच्या वह्या पाहण्याचा हक्क राखावा. एकाच कारखानदारास सर्व हक्क दिला तर किमान रकमेची अट सोडूंच नये. नाहीं तर तो सनद खिशांत घालून आपलें जुनेंच अवजार विकीत बसेल. विक्री, खंड वा गहाण तोंडी चालत नाहीं. दस्त लेखी हवा, आणि त्याची नोंद पेटंट कचेरीच्या नोंदवहींत व्हावी. फेरफार न झालेल्या खरेदीखताची कथा वाचकांस सांगावयास नको.

शेती करण्याच्या पद्धतीस, तसेंच बियाण्यास व वाणास, पेटंट मिळत नाहीं. शेतकऱ्यानें निवडून काढलेल्या वाणासाठीं २००१ सालचा निराळा कायदा व निराळी नोंदवही आहे. तिचा विचार पुढील अंकीं करूं.