प्रोसेसर कोणता, आणि पक्के बिल कशाला?

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत माझे छोटे वर्कशॉप आहे. एक लेथ, एक मिलिंग, मी स्वतः आणि दोन मदतनीस. चाकणच्या एका व्हेंडरचे जॉबवर्क करतो. ड्रॉइंग हल्ली मेलवरच येतात, शिवाय टॅली आणि जीएसटीचे काम आहे. डिप्लोमाला असलेली मुलगीही अभ्यासासाठी वापरील, म्हणून संगणक जुळवून घ्यावयाचा आहे. पुण्यातील एका दुकानदाराने तीन प्रोसेसर सुचविले : जुना चौथ्या पिढीचा आय७, नवा आय३-१२१००एफ, किंवा रायझन ५ ५६००जी. संपूर्ण संगणक ४०,००० रुपयांना पडेल, पक्के बिल हवे असल्यास १८ टक्के वर, असे तो म्हणतो. कोणता प्रोसेसर घ्यावा? आणि बिल घेऊन माझा फायदा काय? — एक वाचक, भोसरी

उत्तर : आपण हे दोन प्रश्न वेगळे समजून विचारले असले, तरी ज्या दुकानदाराने पहिल्याचे उत्तर देता देता हळूच दुसऱ्याला हात घातला, त्याला ही दोन्ही एकाच सौद्याची अंगे असल्याचे पक्के ठाऊक असावे. तथापि क्रम आपलाच ठेवतो.

चौथ्या पिढीचा आय७ हा २०१३ सालचा माल आहे. नावातील सात हा आकडा तिनाहून मोठा असल्यामुळे गिऱ्हाइकाच्या मनावर जो पगडा बसतो, तेच आज त्या मालाचे मुख्य भांडवल होय. वस्तुतः आय७-४७७० मध्ये चार कोअर व आठ थ्रेड आहेत, २०२२ च्या जानेवारीत आलेल्या आय३-१२१०० मध्येही तितकेच आहेत, आणि मधल्या नऊ वर्षांत एकेका कोअरचा वेग एवढा वाढला आहे की ज्याला दुकानदार कनिष्ठ म्हणतो तो धाकटाच कामाला सरस ठरतो. ड्रॉइंग उघडणे, मापे टाकणे, झूम करणे ही ऑटोकॅडमधील नित्याची कामे बव्हंशी एकाच कोअरवर चालत असल्याने आपल्याला हा एका कोअरचा वेगच उपयोगी पडणार आहे. त्यात विंडोज ११ या जुन्या प्रोसेसरला अधिकृतपणे स्वीकारत नाही, आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आला. ज्या यंत्रावर जीएसटीचा पासवर्ड, बँकेचे व्यवहार आणि परक्याची ड्रॉइंग ठेवावयाची, ते असे निराधार असू नये. सबब पहिला पर्याय बाद.

दुसऱ्या पर्यायातील मेख शेवटच्या अक्षरात आहे. नावाअखेर ‘एफ’ असलेल्या इंटेलच्या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसते, म्हणजे वेगळे ग्राफिक्स कार्ड बसविल्यावाचून पडद्यावर काहीही उमटणार नाही. आणि प्रोसेसरवर वाचलेल्या रकमेपेक्षा त्या कार्डाचा खर्च सहसा अधिकच येतो. आपण ‘एफ’ नसलेला, निव्वळ आय३-१२१०० मागावा. रायझन ५ ५६००जी हाही काही वाईट नव्हे. त्यात सहा कोअर आहेत, अंगभूत ग्राफिक्स आय३ हून चांगले आहे, आणि आपल्या कन्येच्या अभ्यासक्रमात त्रिमिती मॉडेलिंग भरपूर असेल तर तो निवडण्यास माझी हरकत नाही. परंतु वर्कशॉपचे काम मुख्य धरल्यास माझे मत आय३ च्या पारड्यात पडते, कारण एका कोअरच्या वेगात तो पुढे आहे, आणि त्याच मदरबोर्डावर पुढेमागे सहा कोअरचा आय५-१२४०० बसविण्याची सोय राहते. एएमडीचे एएम५ हे नवे सॉकेट केवळ डीडीआर५ रॅमच घेते, आणि २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जे भडकले ते पाहता आपल्या अंदाजपत्रकात ते बसविण्याचा हट्ट मी धरणार नाही. रॅम मात्र १६ जीबी घ्यावी, तीही आठ-आठच्या दोन पट्ट्यांत; अंगभूत ग्राफिक्स रॅममधूनच आपला वाटा घेत असल्याने एका पट्टीवर ते अडखळते.

आता बिलाकडे वळू. दुकानदार म्हणतो ते वरचे १८ टक्के म्हणजे ७,२०० रुपये. परंतु आपण नोंदणीकृत आहात, आणि कंपोझिशन योजनेत नसाल तर हा कर आपला खर्च नव्हेच. तो इनपुट क्रेडिट म्हणून आपल्या देय करातून वजा होतो, मात्र दुकानदाराने ते बिल आपल्या विवरणात दाखविलेले असावे व ते आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये उतरलेले असावे. उरलेल्या ४०,००० वर आयकरात शेकडा ४० या दराने घसारा मिळतो, म्हणजे पहिल्या वर्षी १६,०००. वर्षात वापर १८० दिवसांहून कमी झाल्यास त्याच्या निम्मा. (अंदाजित नफ्याच्या योजनेत विवरण भरीत असाल तर घसारा त्या टक्केवारीतच धरलेला असतो, वेगळा मिळत नाही.) कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या संगणकाला आपल्या खतावणीत जागाच नाही. पैसे रोखीने देऊ नयेत. भांडवली वस्तूपोटी एका दिवसात एका व्यक्तीला दहा हजारांहून अधिक रोख दिल्यास तेवढी रक्कम घसाऱ्यासाठी किंमत म्हणून धरली जात नाही. कन्येच्या अभ्यासापुरता जो खासगी वापर होईल, त्या प्रमाणात क्रेडिट व घसारा सोडावा लागेल, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

बिलाचे खरे मोल प्रोसेसर किंवा बोर्ड नादुरुस्त निघाल्यावर कळते. ‘धंद्यासाठी घेतलेल्या मालाची तक्रार ग्राहक आयोगात चालत नाही’ असा समज भोसरी-चाकणच्या लघुउद्योजकांत रूढ आहे, आणि तो अर्धाच खरा आहे. पुणे विभागात लघुउद्योग म्हणून नोंद असलेल्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सने कोइमतूरच्या पीएसजी इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूटकडून घेतलेल्या यंत्राबद्दलचा दावा १९९५ साली सर्वोच्च न्यायालयात हरला खरा; परंतु त्याच निकालपत्रात न्यायालयाने असेही स्पष्ट केले की उपजीविकेसाठी स्वतः चालविण्याकरिता लेथ यंत्र विकत घेणारा मनुष्य ग्राहकच होय, आणि एकदोन मदतनीस हाताशी असल्याने त्याचे ग्राहकत्व जात नाही. आपली स्थिती याहून वेगळी ती काय? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही स्वयंरोजगाराचा हा अपवाद कायम राखला आहे. बिलावर जीएसटी क्रमांक आहे, सबब खरेदी व्यापारी हेतूची, असा युक्तिवाद समोरचा वकील करील. म्हणून आपण स्वतः यंत्रावर काम करता व त्यावरच आपला चरितार्थ चालतो, हे तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात नमूद करावे. मुलीच्या वापरामुळे क्रेडिटमध्ये जे थोडे गमवावे लागते, ते येथे उलट उपयोगी पडते. विद्यार्थिनीचा अभ्यास कोणत्याही अर्थाने व्यापार ठरत नाही. याच कायद्यान्वये बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिलावर वेगळी मुदत लिहिलेली नसल्यास सदोष माल तीस दिवसांत परत घेण्यास नकार देणे हीही. तेव्हा ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीला भिण्याचे कारण नाही. पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीस शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि विक्रेता कोठलाही असो, आपण राहता वा काम करता त्या जिल्ह्यात, अर्थात पुण्यात, ती दाखल करता येते. तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी. पुष्कळ प्रकरणे तेथेच मिटतात.

बिल आपल्या फर्मच्या नावे व जीएसटी क्रमांकासह घ्यावे, आणि ‘असेंबल्ड पीसी, एक नग’ अशी मोघम नोंद मान्य करू नये. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस यांच्या हमीच्या मुदती व हमी देणारे वेगवेगळे, म्हणून प्रत्येकाचे पूर्ण मॉडेल व अनुक्रमांक स्वतंत्र ओळीत हवेत. इंटेलची तीन वर्षांची हमी सीलबंद खोक्यातील मालाला असते. पंख्याविना सुटा मिळणारा ‘ट्रे’ प्रोसेसर स्वस्त असला तरी त्याची जबाबदारी विक्रेत्यापाशीच थांबते. खोके आपल्या समक्ष फोडवावे, त्यावरील एफपीओ क्रमांक प्रोसेसरच्या धातूच्या टोपीवरील क्रमांकाशी ताडून पाहावा आणि बोर्डावर चढण्यापूर्वी दोहोंचे छायाचित्र घ्यावे. पंखा एकदा बसला की तो क्रमांक पेस्टखाली जातो. गुरुवारी वर्कशॉप बंद असते, त्या दिवशी सकाळी जावे, म्हणजे समोर बसून जुळणी करून घेण्यास सवड मिळेल. आणि एवढे सांगूनही दुकानदार पक्क्या बिलाला खळखळ करील, तर शेजारच्या दुकानात भाव विचारावा.