पोटाला पिशवी कायमचीच का?

प्रश्न : माझ्या २७ वर्षांच्या मुलीला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. औषधे लागू पडेनाशी झाली आहेत. डॉक्टर मोठे आतडे काढायला सांगतात. तिला जन्मभर पोटाला मल गोळा करणारी पिशवी बाळगावी लागेल का?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, बहुतेकदा तसे होत नाही. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील पार्क्स आणि निकोल्स या शल्यचिकित्सकांनी १९७८ साली लहान आतड्याच्या टोकापासून आतल्या आत ‘पाउच’ तयार करून तो गुदद्वाराला जोडण्याची पद्धत मांडली. आज अनेक रुग्णांवर तीच, सुधारून, वापरतात. पाउच भरून येईपर्यंत बाहेरची पिशवी बहुधा काही महिनेच लागते.

पुढे दिवसातून पाच-सहा वेळा शौचाला जावे लागते, पण रक्त आणि ती जीवघेणी घाई थांबते. कधी पाउचला सूज येते. ती बहुधा अँटिबायोटिकने आटोक्यात येते.

कायमची पिशवी लागली तरी आयुष्य थांबत नाही. अमेरिकी फुटबॉलपटू रॉल्फ बेनिर्श्के १९७९मधील शस्त्रक्रियेनंतर पिशवीसह पुन्हा व्यावसायिक सामने खेळला.

मात्र हा क्रोन्स, म्हणजे आतड्याच्या दाहाचा दुसरा आजार, नाही याची आधी खात्री करून घ्या. क्रोन्समध्ये शस्त्रक्रियेनंतरही आजार उलटतो आणि पाउच सहसा टाळतात. पाउचच्या शस्त्रक्रियेने गर्भधारणा अवघड होऊ शकते. दुर्बिणीतून केल्यास तो धोका कमी असतो. मुलीला समोर बसवून सर्जनशी हे बोला. स्टेरॉइड चालू असतील, तर ती मनाने बंद करू नका. फार रक्तस्राव, पोटफुगी किंवा ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.