‘अप’ म्हणजे नेहमीच ‘वर’ नव्हे!



या वेळचा धडा आमच्या घरी आलेल्या एका फोनमुळे सुचला. भारतातून आजोबा राहायला आले होते. जेवण झाल्यावर ते नेहमीप्रमाणे वरच्या मजल्यावर आडवे व्हायला गेले. तेवढ्यात पुण्याहून त्यांच्या धाकट्या बहिणीचा फोन आला आणि तो आमच्या चिरंजीवांनी उचलला.

"अरे, आजोबा कुठे आहेत?"

"आजोबा वर गेले."

पलीकडे एकदम शांतता. मग रडवेल्या आवाजात, "अगंबाई! कधी रे?"

"आत्ताच. जेवले आणि गेले."

मी धावत जाऊन फोन घेतला म्हणून बरे, नाहीतर पुण्यात सगळ्या नातेवाइकांना बातमी गेली असती. मुलाचे काय चुकले? तसे पाहिले तर काहीच नाही. त्याच्या डोक्यात ‘अपस्टेअर्स’ होते, त्याचे त्याने ‘वर’ केले. पण मराठीत माणूस ‘वर गेला’ म्हणजे देवाघरी गेला. म्हणून मुलांनो, पहिली गोष्ट पाठ करा: आजोबा ‘वरच्या खोलीत आहेत’ किंवा ‘माडीवर झोपलेत’ म्हणायचे. ‘वर गेले’ म्हणायचे नाही.

त्या शनिवारी वर्गात फळ्यावर ‘अप’ लिहिला आणि मुलांना विचारले की सकाळपासून हा शब्द कोणत्या कोणत्या वाक्यांत ऐकला. वेक अप, गेट अप, हरी अप, क्लीन अप, शट अप (हा सगळ्यांनी ऐकला होता!), व्हॉट्स अप, पिक मी अप. फळा भरला. मग प्रत्येकाला म्हटले, आता हेच मराठीत सांगा, पण ‘वर’ हा शब्द न वापरता. आणि गंमत बघा, एकाही वाक्यात ‘वर’ लागलाच नाही.

वेक अप म्हणजे जागा हो. गेट अप म्हणजे ऊठ. स्टँड अप म्हणजे उभा राहा. हे मित्राला किंवा धाकट्या भावाला. आजोबांना मात्र ‘उठा’, ‘उभे राहा’. हरी अपसाठी मराठीत छान शब्द आहे, तो बऱ्याच मुलांना ठाऊक नव्हता: ‘आटप!’ क्लीन अप म्हणजे ‘आवर’. खोली आवर, पसारा आवर. हँग अप म्हणजे फोन ठेव. आमच्या वर्गात एकाने ‘फोन वर टांगला’ असे म्हटले होते. शो अप म्हणजे नुसते ‘आला’, पण कोणी फारच उशिरा आला तर आई दारातच विचारते, "आत्ता उगवलास?" सूर्य उगवतो, तसाच उशीर करणारा मुलगाही उगवतो.

पिक मी अप जरा अवघड आहे. ‘बाबा, मला शाळेतून वर उचला’ असे म्हटलेत तर बाबा तुम्हाला खांद्यावर घेतील. मराठीत इथे दोन शब्द आहेत आणि कोण कुठे उभा आहे त्यावर ते बदलतात. तुम्ही शाळेत आहात, तिथून फोन केलात तर म्हणायचे, "मला न्यायला या." घरातून निघणारी आई म्हणते, "मी त्याला आणायला जाते." गाडी एकच, मूल एकच, पण एकाच्या बाजूने ‘नेणे’ आणि दुसऱ्याच्या बाजूने ‘आणणे’. हा फरक इंग्रजीतला ‘अप’ दाखवत नाही.

मेक अपची तर किती रूपे! चेहऱ्याचा मेकअप आपण तसाच ठेवला आहे. पण भांडण झाल्यावर मेक अप म्हणजे कट्टी संपली, बट्टी झाली. आणि गोष्ट मेक अप केली म्हणजे थाप मारली.

आता जरा व्याकरण. ईट अप, ड्रिंक अप, यूज अप यांत ‘अप’चा अर्थ काय? दूध प्यायल्यावर ते वर जाते का? ते खालीच जाते. इथे ‘अप’ म्हणजे ‘पूर्ण, काही न उरता’. मराठीत हे काम दुसरे क्रियापद करते. ‘पी’ आणि ‘पिऊन टाक’ यांत जो फरक, तोच ड्रिंक आणि ड्रिंक अपमध्ये. मात्र मराठीत हे दुसरे क्रियापद आणखी काही सांगून जाते. ‘खाऊन टाक’ म्हणजे एकदाचे संपव. ‘खाऊन घे’ म्हणजे तुझ्यासाठी, तुला बरे म्हणून खा. ‘लिहून घे’ म्हणजे स्वतःजवळ ठेवायला, ‘लिहून दे’ म्हणजे दुसऱ्यासाठी. काम कोणासाठी चालले आहे, हे शेवटच्या छोट्या शब्दात कळते. म्हणून पाहुण्यांना कधीही ‘खाऊन टाका’ म्हणू नका. उरलेले संपवायला बसवल्यासारखे वाटते. ‘खाऊन घ्या’ किंवा नुसते ‘घ्या ना’ म्हणावे.

पालकांनाही इंग्रजीतले हे छोटे शब्द सुरुवातीला छळतात. ऑफिसात कोणी फॉर्म ‘फिल अप’ करा म्हणतो, कोणी ‘फिल आउट’, आणि फॉर्म तोच! घर ‘बर्न अप’ झाले काय किंवा ‘बर्न डाऊन’ झाले काय, जळायचे ते जळालेच. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. सॅम्युएल जॉन्सन यांनी 1755 साली आपला प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश काढला, त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी लिहिले आहे की क्रियापदाला असे छोटे शब्द जोडून अर्थ बदलण्याची पद्धत परक्यांना सर्वांत अवघड जाते.

हा ‘अप’ आपल्या मराठीतही येऊन राहिला आहे, आणि तो आला रेल्वेबरोबर. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी निघाली. इंग्रजांनी आपल्या देशातली पद्धत इथे आणली. तिकडे लंडनकडे जाणारी गाडी ‘अप’, तशी इकडे मुंबईकडे येणारी ‘अप’ आणि मुंबईहून निघणारी ‘डाऊन’. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे. 1930 साली सुरू झालेली डेक्कन क्वीन सकाळी पुण्याहून निघते आणि बोरघाट उतरून मुंबईला येते. घाट उतरणारी ही गाडी ‘अप’! संध्याकाळी परत जाताना ती घाट चढते, तेव्हा ‘डाऊन’. घाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात, तरीही त्या ‘डाऊन’च. कोकणातल्या माणसाला विचारा, तो पुण्याला ‘वर घाटावर’ गेलो म्हणेल. मला त्याचेच म्हणणे जास्त पटते.

या रेल्वेमुळे मराठीत ‘अप-डाऊन करणे’ हा नवा वाक्प्रचार आला. "मामा नाशिकहून मुंबईला रोज अप-डाऊन करतो" म्हणजे तो नोकरीसाठी रोज गाडीने जातो-येतो. सुट्टीत भारतात गेलात की कान देऊन ऐका, नक्की सापडेल.

बरे, आपला ‘वर’ तरी साधा आहे का? पुस्तक टेबलावर असते. ‘वरचेवर’ म्हणजे पुन्हा पुन्हा, ‘वरवर’ म्हणजे खोलात न जाता. ऐन वेळी कोणी ‘हात वर केले’ म्हणजे जबाबदारी टाळली. (वर्गात हात वर केलात तर मात्र आम्हाला आनंदच होतो.) "एक तर उशिरा आलास, वर मलाच बोलतोस!" यातला ‘वर’ तर रागाचाच आहे.

शेवटी एका पत्राविषयी लिहायचे आहे. आपल्या मोठ्या गटातल्या एका मुलाच्या आजीचे भारतात गुडघ्याचे ऑपरेशन झाले. चालायला फार दुखते म्हणून आजी पलंगावरून उठायलाच तयार नव्हती. त्याने आजीला पत्र लिहायला घेतले. त्याला म्हणायचे होते ‘डोन्ट गिव्ह अप’. कागदावर लिहिले होते, ‘आजी, वर देऊ नकोस.’

त्या दिवशी ठरलेला धडा बाजूला राहिला. गिव्ह अपचे मराठीत काय काय होते, ते आम्ही बघत बसलो. कोडे सुटले नाही तर ‘हरलो, सांग!’ सिगारेट ‘सोडली’. बसमध्ये म्हाताऱ्या माणसाला जागा ‘दिली’. पण आजीला यातले काय लिहायचे? न्यायला आलेल्या पालकांपैकी एकीने सुचवले, ‘धीर सोडू नकोस.’ दुसरे म्हणाले, ‘खचू नकोस.’ कोणी ‘जिद्द सोडू नकोस’ म्हटले. सगळे बरोबर होते. मुलाने सगळे ऐकून घेतले, पण त्यातले काहीच लिहिले नाही. त्याने लिहिले, ‘आजी, चालायचं सोडू नकोस. मी येईन तेव्हा आपण दोघं देवळापर्यंत जाऊ.’ शुद्धलेखनाची एक चूक होती, ती मी दुरुस्त केली नाही. पत्र तसेच पाकिटात गेले.

गृहपाठ

पुढील वाक्ये मराठीत लिहा. ‘वर’ वापरायचा नाही. पालकांनी मदत करू नये, फक्त वाचून हसावे.

लुक इट अप. आय ॲम फेड अप. टाइम इज अप. इट्स अप टू यू. आय वाँट टू बी अ डॉक्टर व्हेन आय ग्रो अप.

चौथ्या वाक्यात ‘वर’ डोकावेल. तिथे सूट आहे, पण त्याच्याशिवाय लिहून दाखवलेत तर जास्त गुण. वही पुढच्या शनिवारी आणा.