बाळानं मान वळवली, तर…

आईबाबांनो,

पहिल्या काही आठवड्यांत बाळ झोपेत गालातल्या गालात हसतं आणि आजी म्हणते, ‘सटवाई हसवतेय.’ ते हसू आपोआप उमटतं. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास मात्र बाळ तुमच्याकडे बघून हसू लागतं. ते खास तुमच्यासाठी! सुरुवातीला त्याला 20-30 सेंटिमीटरवरचंच जरा स्पष्ट दिसतं, म्हणून बोलताना चेहरा जवळ न्या.

हसू ओळखायला कुणी शिकवावं लागत नाही. मला बोलायचंय ते आपल्याकडून निसटणाऱ्या खुणांविषयी. खेळता खेळता बाळ नजर चुकवतं, कपाळाला आठ्या घालतं, झोपेची वेळ नसताना जांभई देतं, मान वळवतं. ते कंटाळलं असं समजून आपण खुळखुळा आणखी जोरात वाजवतो. बारशाला तर ते या हातातून त्या हातात फिरत राहतं. अशा वेळी बहुधा बाळ सांगत असतं, ‘आता पुरे.’ तेव्हा गप्प बसा, खुळखुळा खाली ठेवा. दम खाऊन झाला, की ते पुन्हा आपणहून तुमच्याकडे बघेल. नाहीच थांबलात, तर खालचा ओठ पुढे येतो आणि भोकाड सुरू होतं.

बाळालाही तुमच्या चेहऱ्याकडून उत्तर हवं असतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी 1970च्या दशकात आयांना थोडा वेळ बाळासमोर निर्विकार बसायला सांगितलं. बाळांनी आधी आईला बोलतं करायचा प्रयत्न केला आणि ती बधत नाही म्हटल्यावर तोंड फिरवलं. बाळाला पाजताना, भरवताना मोबाइल बाजूला ठेवा, असं मी कळकळीनं सांगते ते यासाठीच.

प्रत्येक खूण तुम्हाला लगेच कळेलच असं नाही. ट्रॉनिक यांनाही दिसलं, की आई-बाळाचे सूर कितीदा तरी चुकतात आणि पुन्हा जुळतात. हे जुळवून घेणंच महत्त्वाचं. म्हणून स्वतःला दोष देऊ नका. मात्र तीन महिने होऊनही बाळ माणसांकडे बघून हसत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना जरूर दाखवा.

आणि पाहुण्यांना सांगायला संकोचू नका: ‘बाळ दमलंय, थोड्या वेळानं घ्या.’ त्याला अजून बोलता येत नाही, तोवर त्याच्या वतीनं तुम्हीच बोलायला हवं.