बांबू तोडूनही जंगल कसं टिकतं?

प्रश्न : गडचिरोली-चंद्रपुरातल्या काही ग्रामसभा जंगलातला बांबू तोडून विकतात आणि तरी जंगलाच्या राखणदार म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. जंगल वाचवायचं तर तोड थांबवायला नको का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या शंकेचं निम्मं उत्तर बांबूच्या वाढीत आहे आणि निम्मं गावाच्या कारभारात.

बांबू हे झाड नव्हे, गवत आहे. 1927च्या भारतीय वन कायद्याने मात्र त्याला झाडांत बसवलं होतं, आणि 2017 मध्ये दुरुस्ती होईपर्यंत तो झाडांतच राहिला. विदर्भातल्या जंगलात मुख्यतः दिसतो तो मानवेल. त्याची रांजी, म्हणजे बेट, जमिनीखालच्या कंदातून वाढते. पावसाळ्यात कोंब वर येतात. तिकडे त्यांना वास्ते म्हणतात. काही महिन्यांतच ते पूर्ण उंची गाठतात. त्यानंतर बांबू उंच होत नाही की जाड होत नाही, दोन-तीन वर्षं नुसता निबर होत जातो. कोवळ्या बांबूचं पोषण शेजारचे जुने बांबू करतात, कारण जमिनीखाली सगळे एकमेकांना जोडलेले असतात.

म्हणूनच सगळी रांजी एकदम तोडली तर ती खंगते. पण तिला अजिबात हात न लावणंही तिला मानवत नाही. वाळलेले, मोडलेले बांबू एकमेकांत अडकतात, नव्या वास्त्यांना सरळ वर यायला वाट मिळत नाही, आणि वणवा आला की हा वाळका गुंता आधी पेटतो. तोडीचे नियम यातूनच आले आहेत. पावसाळ्यात तोड बंद. यंदाचा आणि गेल्या वर्षीचा बांबू राखायचा. निबर बांबू जमिनीलगत, पेराच्या किंचित वर तोडायचा, म्हणजे खुंटात पाणी साचून तो सडत नाही. आणि तोड रांजीच्या आतल्या भागात करायची. या शेवटच्या नियमाकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. कडेचे बांबू सहज हाताशी येतात, आत शिरून तोडणं कष्टाचं असतं. पण रांजी बाहेरच्या अंगाने वाढते, नवे बांबू कडेलाच असतात. तेच काढले की मध्ये जुन्या बांबूंची दाटी उरते आणि रांजीची वाढ खुंटते.

आता हे नियम पाळणार कोण? नगावर मजुरी घेणाऱ्याला घाई असते. ठेकेदाराचा करार संपला की त्याचा त्या रांजीशी संबंध संपतो. गावाचा संबंध मात्र संपत नाही. कुंपण, छप्पर, सूप, टोपली यांसाठी पुढच्या वर्षीही त्याला त्याच जंगलात जायचं असतं.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं छोटं गाव याचं सर्वांत ठळक उदाहरण. इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम इथल्या धरणांविरुद्ध 1980च्या दशकात जे आंदोलन झालं, त्यातून या गावाला आपल्या बळाची जाणीव झाली. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथलीच. देवाजी तोफा यांचं नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ गावाला लाभली. इथे बहुमताने निर्णय होत नाहीत, सर्वसहमती होईपर्यंत चर्चा चालते. अभ्यासगटात आधी विषय नीट समजून घेतला जातो.

2006च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरवलं आणि जंगल राखण्याचा, त्याचं व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही वाहतूक परवान्याशिवाय बांबू गावाबाहेर नेता येत नव्हता, म्हणजे हक्क कागदावरच होता. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं.

हक्क आला की गाव नुसतं ओरबाडेल, ही भीती अनेकांना वाटते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचं उदाहरण त्यांनी जरूर पाहावं. सुमारे 1,000 हेक्टरवर हक्क मिळाल्यावर या ग्रामसभेने बांबूविक्री सुरू केली, पण तेंदूपत्त्याची तोड स्वतःहून बंद केली. तेंदूपत्ता म्हणजे उन्हाळ्यातला रोख पैसा. मात्र चांगली पालवी फुटावी म्हणून फांद्या छाटल्या जातात, आगी लावल्या जातात, आणि त्यात जंगलाची हानी होते हे गावाने ओळखलं. शिवाय जंगलाचा एक भाग कोणतीही तोड न करता राखून ठेवला. उत्पन्नावर पाणी सोडायचा हा निर्णय वरून लादलेला नव्हता, म्हणून तो टिकला.

नुसत्या हक्काने सगळं साधतं असं मात्र नाही. हिशोब उघडे नसतील, ग्रामसभा नावापुरती भरत असेल, तर गावातलेच चारजण ठेकेदारासारखे वागू लागतात. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभाक्षेत्राचे नियमही वेगळेच. पण गावांच्या वापरातलं जे जंगल आहे, त्याला तोडीपेक्षा बेजबाबदारी अधिक घातक ठरते. आज तोडणाऱ्यालाच उद्या त्याच रांजीकडे यायचं असेल, निर्णय त्याचा असेल आणि हिशोब सर्वांसमोर होत असेल, तर तोड हीच जंगलाची निगा होते.

तुमचं मूळ गाव जंगलालगत असेल, तर पुढच्या खेपेला गेलात की दोन गोष्टी विचारा : सामूहिक वनहक्काचा दावा झाला आहे का? आणि झाला असेल, तर जंगलाच्या व्यवस्थापनाचा आराखडा ग्रामसभेने केला आहे का? उत्तर नाही असं आलं, तर त्या कामाला हातभार लावा. अर्ज लिहिणारी, नकाशा वाचणारी, हिशोब मांडणारी माणसं अशा प्रत्येक गावाला हवी आहेत.