आधी प्रश्न, मग भागीदार, शेवटी अनुदान

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत माझी फौंड्री आहे. विद्यापीठाला सोबत घेऊन संशोधन करायचं आणि त्यासाठी सरकारी अनुदान मागायचं, हा उद्योग मी बरीच वर्षं करतो आहे. त्यामुळे वसाहतीतली तरुण मंडळी विचारायला येतात, "दादा, सध्या कुठली स्कीम चालू आहे?" त्यांना जे सांगतो, ते इथे क्रमाने मांडतो.

१. प्रश्न आपल्या शॉप फ्लोअरवरचा हवा.
योजनेची जाहिरात वाचून विषय शोधू नका. आमचा प्रश्न वाळूचा होता. साच्याच्या वाळूत बेंटोनाइट माती असते. साधारण चौदाशे अंशांचं लोखंड ओतलं की धातूलगतची माती जळते आणि पाणी घातलं तरी तिचा चिकटपणा परत येत नाही. मग जुनी वाळू टाकायची आणि नवी विकत घ्यायची. हा खर्च आम्हाला दर महिन्याला दिसत होता. त्यामुळे प्रस्तावातलं 'या संशोधनाची गरज काय' हे पान लिहायला वेळ लागला नाही. कुठल्या कास्टिंगमध्ये किती रिजेक्शन, वाळूवर किती खर्च, हे आकडे आमच्या रजिस्टरमध्येच होते. परीक्षण समितीला असे आकडे लगेच ओळखू येतात.

२. प्राध्यापकांना यातून काय मिळणार, हे आधी विचारा.
आपल्याला उपाय हवा असतो. त्यांना शोधनिबंध, पीएचडीच्या विद्यार्थ्याला पुरेल असा विषय आणि प्रयोगशाळेत एखादं उपकरण हवं असतं. या अपेक्षांत काही गैर नाही. माती नेमकी कुठल्या तापमानाला निकामी होते हा त्यांचा प्रश्न आणि ती परत वापरता येईल का हा आमचा. दोन्ही प्रश्न एकाच कामात बसले, म्हणून भागीदारी टिकली. शिवाय त्यांच्या परीक्षा, प्रवेश आणि मूल्यांकनाचे महिने पाहूनच वेळापत्रक आखा. विद्यार्थ्याला महिनाभर तरी फौंड्रीत उभं राहू द्या. प्रयोगशाळेतली वाळू आणि पाळीतली वाळू यांतला फरक त्याला तिथेच कळतो.

३. योजनेच्या नावाआधी पैशाचं स्वरूप वाचा.
१९९६ पासून काम करणारं तंत्रज्ञान विकास मंडळ प्रकल्पखर्चाच्या निम्म्यापर्यंत ५ टक्के सरळ व्याजाने कर्ज देतं. ते फेडायचं असतं. २०१५ साली सुरू झालेल्या 'उच्चतर आविष्कार योजने'त आयआयटीच्या प्रकल्पांत उद्योगाने २५ टक्के वाटा उचलायचा, अशी रचना होती. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या बायरॅक या संस्थेचं 'बिग' अनुदान ५० लाखांपर्यंत मिळतं, पण ते जैवतंत्रज्ञानासाठी आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या एक लाख कोटींच्या संशोधन निधीचा भर दीर्घ मुदतीच्या, अल्पव्याजी किंवा बिनव्याजी अर्थसाहाय्यावर आहे. कर्ज, भांडवल आणि अनुदान या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कुठल्या मार्गाने जायचं हे सीएला शेजारी बसवून ठरवा.

४. टीआरएल आहे तोच लिहा.
टीआरएल म्हणजे तंत्रज्ञानाच्या तयारीची पातळी; ती एक ते नऊ या पायऱ्यांवर मोजतात. प्रयोगशाळेत चाललेली गोष्ट तीन-चारच्या आसपास असते, प्रत्यक्ष कारखान्यासारख्या परिस्थितीत तपासलेली पाच-सहावर जाते. मोठा आकडा लिहिला की समिती पुरावा मागते. लहान लिहिला तर विद्यापीठाने एकट्याने करायचं काम म्हणून प्रस्ताव बाजूला पडू शकतो. आज कुठे आहोत आणि प्रकल्प संपताना कुठे असू, या दोन ओळींवर सगळा प्रस्ताव उभा असतो.

५. करार अर्जाच्या आधी करा.
पेटंट कोणाच्या नावावर, वापराचा हक्क कोणाला, दुसऱ्या फौंड्रीला तंत्रज्ञान द्यायचं झालं तर रॉयल्टी कशी, हे संबंध गोड असतानाच लिहून ठेवावं. काही योजनांत हे नियमच ठरवतात. बायरॅकच्या 'पेस' योजनेतल्या करार-संशोधनात बौद्धिक संपदा शिक्षणसंस्थेकडे राहते आणि व्यापारी वापरासाठी पहिली विचारणा भागीदार उद्योगाला होते. एक कलम मात्र विसरू नका: पेटंटचा अर्ज दाखल होईपर्यंत शोधनिबंध किंवा परिषदेतलं सादरीकरण नाही. शोध आधीच जाहीर झाला, तर तो नवा असल्याचा दावा उरत नाही. तात्पुरता अर्ज लवकर दाखल करता येतो आणि पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. तेवढ्याने प्राध्यापकांचा निबंधही अडून राहत नाही.

६. बजेट दोघांनी एकत्र बसून करा.
विद्यार्थ्याचं मानधन, चाचण्यांची फी, विद्यापीठाचा प्रशासकीय खर्च, यंत्राची देखभाल हे सगळं त्यात हवं. चाचणीसाठी आपली भट्टी आणि पाळी वापरली जाणार असेल, तर तो खर्च आपल्या वाट्यात धरता येतो का, हे नियमात पाहा. हप्ते टप्प्याटप्प्याने येतात आणि पुढचा हप्ता मागच्याच्या हिशेबावर अवलंबून असतो. म्हणून मधले काही महिने स्वतःच्या पैशांनी काम चालेल एवढी तयारी ठेवा. विद्यार्थ्याचं मानधन थांबलं की काम थांबतं.

७. हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा.
अनुदानाला स्वतंत्र खातं हवं. केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांनुसार उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि अनुदानावर मिळालेलं व्याजही सरकारजमा करावं लागतं. अनुदानातून घेतलेलं यंत्र परवानगीशिवाय विकता येत नाही. खरेदीची कोटेशनं, बिलं, हजेरी आणि चाचण्यांच्या नोंदी एकाच माणसाकडे सोपवा. हा पैसा करदात्यांचा आहे. त्याचा चोख हिशेब हे पुढच्या अर्जाचं सर्वांत भक्कम शिफारसपत्र ठरतं.

८. नकाराचं पत्र दोघांनी मिळून वाचा.
परीक्षकांचे शेरे ही फुकट मिळालेली तज्ज्ञांची मतं असतात. एकेका शेऱ्याला लेखी उत्तर तयार करा आणि सुधारलेला प्रस्ताव पुन्हा पाठवा. समितीपुढे सादरीकरणाला बोलावलं, तर मालक आणि प्राध्यापक दोघांनीही जावं. कारखान्याच्या प्रश्नाचं उत्तर प्राध्यापकांनी आणि शास्त्राच्या प्रश्नाचं उत्तर मालकाने दिलं, की ही भागीदारी नुसती कागदावरची नाही हे समितीला पटतं.

महाराष्ट्रात औद्योगिक वसाहती आणि विद्यापीठं एकमेकांपासून फार लांब नाहीत. तेव्हा योजनेच्या जाहिरातीची वाट पाहू नका. या महिन्यातच जवळच्या विद्यापीठातल्या विभागात जा आणि आपला एक अडलेला प्रश्न सांगा. प्राध्यापकांनीही एखाद्या कारखान्यात जाऊन एक पाळी पाहावी. आणि अर्ज अशाच कामासाठी करा, जे अनुदान नाकारलं गेलं तरी दोघांना सोडवणार नाही.